वाचकांचे प्रश्न : एन्झाइमला अडवणारे पेप्टाइड आणि घडवलेली अमिनो आम्लं

मागच्या अंकात कोविडच्या गोळीतलं निर्माट्रेल्व्हिर कसं घडलं, यावर मी लिहिलं होतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, आणि तशीच छोटी साखळी म्हणजे पेप्टाइड. विषाणूचं एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन, अशी लांब साखळी ठरलेल्या जागी कापतं. त्या साखळीच्या तुकड्यासारखा दिसणारा छोटा रेणू रसायनशास्त्रज्ञांनी तयार केला, त्यात निसर्गातल्या प्रथिनांमध्ये न सापडणारी अमिनो आम्लं बसवली आणि एन्झाइमचं काम थांबवलं, असा तो विषय. त्यावर वणी, आर्वी, नागभीड, दारव्हा, कळंब अशी सगळीकडून पत्रं आली. बरीचशी वेचणीच्या धांदलीत लिहिलेली दिसतात, तरी एकही प्रश्न उथळ नाही. मी पेप्टाइड जोडण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली आणि आता हिंगणघाट तालुक्यात गावी राहते. तेव्हा ही उत्तरं त्या कामातल्या बाईची आहेत, डॉक्टरची नाहीत, एवढं लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न : मी एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी पेप्टाइड इनहिबिटर (एन्झाइमला अडवणारा पेप्टाइड) घ्यायचा आहे. सीनियर म्हणतात, कॉम्प्युटरवर भरपूर रेणू डॉक कर (एन्झाइममध्ये बसवून बघ), ज्याचा स्कोअर चांगला तो लिहून दे, प्रोजेक्ट होतो. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाही. कृत्रिम अमिनो आम्ल नेमकं कुठे घालायचं, हे कसं ठरवतात?
– एक विद्यार्थिनी, वणी

उत्तर : तुला पटत नाही ते बरोबरच आहे, बेटा. डॉकिंगला नाव ठेवायचं कारण नाही, पण ते नंतरचं काम. आधी वही घे आणि लिही : माझं एन्झाइम साखळी कुठे कापतं? कोणत्या अमिनो आम्लानंतर? त्याच्या अलीकडे-पलीकडे त्याला काय लागतं? हे ज्याला सांगता येत नाही त्याच्या डॉकिंगच्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

हे लिहायची एक पद्धत आहे. १९६७ मध्ये शेक्टर आणि बर्गर या दोघांनी पपईच्या चिकातल्या पपेन या एन्झाइमवर काम करताना ती घालून दिली. जो बंध तुटतो त्याच्या डावीकडच्या अमिनो आम्लांना पी-१, पी-२, पी-३ म्हणायचं आणि उजवीकडच्यांना पी-१ प्राइम, पी-२ प्राइम. एन्झाइममधले जे खिसे त्यांना धरतात ते एस-१, एस-२ असे. आतड्यात प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनचं उदाहरण घे. त्याच्या एस-१ खिशाच्या तळाशी १८९ क्रमांकाचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल बसलंय, म्हणजे तिथे ऋण भार आहे. म्हणून ट्रिप्सिनला पी-१ जागी धन भाराचं लायसिन किंवा आर्जिनिन लागतं. प्रत्यक्ष कापण्याचं काम १९५ क्रमांकाचं सेरीन करतं.

अडकित्त्यात सुपारी नीट बसली की पातं चालतं. सुपारीच्याच आकाराचा, पण पात्याखाली न तुटणारा तुकडा त्यात बसवला, तर अडकित्ता मिटतही नाही आणि दुसरी सुपारीही घेत नाही. पेप्टाइड इनहिबिटरची कल्पना एवढीच. त्यामुळे तुझ्या रेणूचे दोन भाग वेगळे विचारात घे : एन्झाइमला ओळखीचा वाटून धरला जाणारा भाग, आणि पात्याखाली येणारा, न तुटणारा भाग.

न तुटणाऱ्या भागाचा धडा निसर्गानेच दिलाय. जपानमध्ये हामाओ उमेझावा यांच्या गटाने १९७० मध्ये स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंपासून पेप्स्टॅटिन वेगळं केलं. त्यात स्टॅटिन नावाचं एक वेगळंच अमिनो आम्ल आहे. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांशी त्याचा काही संबंध नाही. जठरातल्या पेप्सिनसारखं एन्झाइम बंध कापताना त्या बंधाच्या कार्बनवर आधी पाण्याचा रेणू चढवतं. तेव्हा क्षणभर त्या कार्बनला दोन ऑक्सिजन चिकटलेले असतात, आणि एन्झाइमची सगळ्यात घट्ट पकड नेमकी या अवस्थेवर असते. स्टॅटिनमध्ये त्या जागी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी कायमची बसलेली आहे, आणि तुटायला अमाइड बंधच (दोन अमिनो आम्लांना जोडणारा बंध) नाही. पेप्सिन त्याला धरतं आणि तिथेच थांबतं. औषध म्हणून पेप्स्टॅटिन चाललं नाही, पण ही युक्ती पुढे एचआयव्हीच्या औषधांना उपयोगी पडली. एचआयव्हीचं प्रोटिएझ, म्हणजे प्रथिन कापणारं एन्झाइम, फेनिलअ‍ॅलॅनिन आणि प्रोलीन यांच्या मधोमध कापू शकतं. आपल्या शरीरातली एन्झाइम प्रोलीनच्या आधी सहसा कापत नाहीत. रोश कंपनीच्या शास्त्रज्ञांनी हाच फरक पकडला, तुटणाऱ्या बंधाच्या जागी न तुटणारा, ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असलेला सांधा बसवला आणि त्यातून साक्विनाव्हिर आलं. १९९५ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं ते या जातीचं पहिलं औषध.

माझ्या मते इनहिबिटरची खरी परीक्षा इथेच आहे. तो कुणाला अडवतो हे सगळे मोजतात. तो कुणाला सोडून देतो हे मोजायला लोक विसरतात. आपल्या शरीरात कापणारी शेकडो एन्झाइम आहेत आणि त्यातल्या कित्येकांवाचून आपण जगू शकत नाही.

आता तुझा मूळ प्रश्न. साधा पेप्टाइड औषध म्हणून लंगडा पडतो. पोटातली आणि रक्तातली एन्झाइम त्याचे तुकडे करतात, पेशीच्या पडद्यातून तो धड जात नाही, आणि सैल असल्यामुळे हवा तो आकार धरून बसत नाही. घडवलेलं अमिनो आम्ल यातल्या कोणत्या तरी एका दुखण्यावर घालायचं असतं. ते कोणत्या दुखण्यावर घातलंय हे सांगता आलं नाही, तर घालू नये.

टर्ट-ल्युसिनचंच बघ. साध्या ल्युसिनमध्ये अल्फा कार्बनपासून, म्हणजे अमिनो आम्लाच्या मधल्या कार्बनपासून, एक कार्बन सोडून फांद्या फुटतात. टर्ट-ल्युसिनमध्ये तीन मिथाइलचा गठ्ठा थेट अल्फा कार्बनशेजारीच असतो. त्या गठ्ठ्यामुळे साखळीला इकडे-तिकडे वळायला जागा उरत नाही, ती ताणलेली राहते, आणि शेजारचा अमाइड बंध कापायला दुसरं एन्झाइम आलं तर त्याला जवळ येणं जड जातं. प्रोटिएझ आपला घास ताणलेल्या अवस्थेतच धरतात, त्यामुळे हा ताठपणा कामाचा ठरतो. हिपॅटायटिस-सी वरचं बोसेप्रेव्हिर, टेलाप्रेव्हिर आणि कोविडवरचं निर्माट्रेल्व्हिर या तिन्हींत टर्ट-ल्युसिन आहे. ते जोडायला मात्र चिवट. मी कामावर होते तेव्हा त्याच्यावरची पुढची जोडणी आम्ही नेहमी दोनदा करायचो, आणि तरीही निनहायड्रिनच्या चाचणीत रेझिनचे दाणे (ज्यांवर साखळी वाढवतात ते) निळे झाले नाहीत ना, हे बघूनच पुढे जायचो. निळा रंग म्हणजे अजून मोकळे अमिनो गट शिल्लक आहेत.

निर्माट्रेल्व्हिरची बाकीची जडणघडणही याच नजरेने वाच. विषाणूच्या एन्झाइमला पी-१ जागी ग्लुटामिन लागतं. तिथे ग्लुटामिनची बाजूसाखळी वळवून बंद केलेलं पाच अणूंचं कडं, म्हणजे लॅक्टम, आहे. पी-२ जागी प्रोलीनच्या कड्याला आणखी एक तीन कार्बनचं कडं जोडलेलं, ते बोसेप्रेव्हिरकडून आलं. टोकाला नायट्राइल (कार्बन-नायट्रोजनचा गट), त्यावर एन्झाइममधलं १४५ क्रमांकाचं सिस्टीन येऊन जुळतं, आणि हे जुळणं सुटूही शकतं. ग्लुटामिननंतर अशा पद्धतीने कापणारं एन्झाइम माणसात आढळलेलं नाही, म्हणून हे औषध विषाणूलाच गाठतं. यकृतातलं एक एन्झाइम मात्र त्याला लवकर संपवतं. त्याला रोखायला सोबत रिटोनाव्हिर देतात, आणि तेही मुळात एचआयव्हीसाठी घडवलेलंच.

एक सावधगिरी. अल्फा कार्बनवर हायड्रोजनच्या जागी आणखी एक मिथाइल असलेलं एआयबी नावाचं अमिनो आम्ल पुस्तकांत सारखं भेटतं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पद्मनाभन बलराम यांनी त्यावर फार मोलाचं काम केलं, आणि त्याचा पाया मद्रासला जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या, साखळी कशी वळू शकते ते दाखवणाऱ्या नकाशात आहे. पण एआयबी साखळीला हेलिक्सकडे, म्हणजे स्प्रिंगसारख्या गुंडाळीकडे वळवतं. प्रोटिएझला ताणलेली साखळी हवी असताना मधोमध एआयबी घातलं तर पकडच जाते. स्कोअर बरा आला तरी ते घालू नकोस.

प्रोजेक्टसाठी माझं सुचवणं सूर्यफुलाच्या बियांतलं एसएफटीआय-१. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अवघ्या १४ अमिनो आम्लांचा, दोन्ही टोकं जोडून गोल केलेला आणि आतून एका गंधकाच्या पुलाने आवळलेला ट्रिप्सिन-रोधक. ट्रिप्सिन त्याचा बंध कापतंसुद्धा, पण तुकडे जागचे हलत नाहीत आणि बंध पुन्हा जुळतो. ट्रिप्सिनसोबतची त्याची रचना प्रोटीन डेटा बँकेत १एसएफआय या क्रमांकाने फुकट बघता येते. त्यात पाचव्या जागी पी-१ लायसिन आहे. तिथे एक कार्बन आखूड असलेलं ऑर्निथिन घातलं तर १८९ च्या अ‍ॅस्पार्टिकपासून भार किती दूर जातो ते मोज, मग फेनिलअ‍ॅलॅनिन घालून कायमोट्रिप्सिन या ट्रिप्सिनच्या भावंडाच्या खिशात बसवून बघ. एवढं नीट केलंस तर डॉकिंगच्या स्कोअरमागे काय चाललंय ते तुला दिसेल.

आणि काहीतरी हाताने कर. संभाजीनगरच्या मराठवाडा विद्यापीठातून १९९४ मध्ये आलेली एक पद्धत आहे, तिला महागडं यंत्र लागत नाही. एक्स-रे फिल्मवर जिलेटिनचा थर असतो. त्यावर ट्रिप्सिनचा थेंब ठेवला की जिलेटिन पचतं आणि धुतल्यावर तिथे स्वच्छ डाग उमटतो. ट्रिप्सिनमध्ये आधी कच्च्या सोयाबीनचा अर्क मिसळला तर डाग उमटत नाही. फिल्म जुन्या पद्धतीची, जिलेटिनची हवी. ट्रिप्सिन कॉलेजच्या प्राणिशास्त्र किंवा जीवरसायन विभागात मिळेल. ते नाही म्हणून पपईचा चीक वापरू नकोस, कारण सोयाबीनचा ट्रिप्सिन-रोधक पपेनला अडवत नाही. उलट दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून केलंस तर परीक्षकांना दाखवायला त्याहून चांगली गोष्ट नाही.

प्रश्न : आमच्या यांना बी.पी.साठी एनालाप्रिल सुरू होतं. रात्र-रात्र कोरडा खोकला लागायचा, म्हणून डॉक्टरांनी गोळी बदलली. शेजारचे म्हणतात, ती सापाच्या विषाची गोळी असते, म्हणून घसा धरतो. हे खरं आहे का?
– एक गृहिणी, आर्वी

उत्तर : ताई, गोळीत विष अजिबात नाही. विषातून मिळाली ती दिशा. ब्राझीलचे सर्जिओ फेरेरा यांना १९६५ च्या सुमारास तिथल्या जराराका या सापाच्या विषात काही छोटे पेप्टाइड सापडले. रक्तदाब वाढवणारं एक एन्झाइम, एसीई, त्यांच्यामुळे थांबतं हे पुढे कळलं. त्यातला नऊ अमिनो आम्लांचा एक पेप्टाइड माणसांत चालला, पण तो टोचूनच द्यावा लागे. अमेरिकेत स्क्विब कंपनीत कुशमन आणि ओन्डेटी यांनी त्याच्या शेवटच्या प्रोलीनला धरून विचार केला. एसीईच्या पोटात जस्ताचा अणू असतो, म्हणून जस्ताला घट्ट धरणारा गंधकाचा गट त्यांनी प्रोलीनच्या पुढे बसवला. ते कॅप्टोप्रिल, १९८१ मध्ये मंजूर झालेलं. गंधकामुळे काहींना पुरळ यायचं, तोंडाची चव जायची. म्हणून पुढच्या गोळ्यांत गंधक काढलं आणि पकड भरून काढायला होमोफेनिलअ‍ॅलॅनिन आणलं. फेनिलअ‍ॅलॅनिनच्या बाजूसाखळीत एक कार्बन जास्त, असं हे घडवलेलं अमिनो आम्ल. तुमच्या यांची एनालाप्रिल त्यातलीच.

खोकला मात्र गोळीचाच होता. एसीई दोन कामं करतं. रक्तवाहिन्या आवळणारं रसायन तयार करतं, आणि ब्रॅडिकायनिन नावाचा दुसरा पेप्टाइड कापून संपवतं. गोळी एन्झाइमला अडवते तेव्हा दोन्ही कामं थांबतात. ब्रॅडिकायनिन साठत जातं आणि काही जणांना त्याचा कोरडा खोकला लागतो. रेणू कितीही नेमका असला तरी एन्झाइमच दोन कामांचं असेल तर रसायनशास्त्रज्ञाचा इलाज नाही. डॉक्टरांनी बदलून दिली ते योग्य केलं. नवी गोळी मनाने बंद करू नका.

प्रश्न : धान कापणीच्या दिवसांत आमच्याकडे परड चावल्याची एखादी तरी बातमी येतेच. तालुक्याला नेईस्तोवर वेळ जातो. असे पेप्टाइड वापरून, बांधावर खिशात ठेवता येईल अशी सापाच्या विषावरची गोळी होणार नाही का?
– एक शिक्षक, नागभीड

उत्तर : गुरुजी, हा प्रश्न माझ्याही मनात फार दिवस आहे, आणि त्यावर खरोखरच काम चाललंय. घोणस, म्हणजे तुमची परड, आणि फुरसं यांच्या विषात जस्तावर चालणारी कापणारी एन्झाइम असतात. ती रक्तवाहिन्यांचं अस्तर फाडतात आणि रक्त गोठवणारी प्रथिनं बिघडवतात. तिथे बसेल असा रेणू आधीपासून तयार आहे. त्याचं नाव मॅरिमास्टॅट. ब्रिटनमध्ये तो कर्करोगासाठी घडवला होता. त्याच्या एका टोकाला जस्ताला धरणारा हायड्रॉक्झॅमिक गट, मध्ये ल्युसिनसारखी बाजूसाखळी, आणि शेवटी वणीच्या मुलीला सांगितलं तेच टर्ट-ल्युसिन. कर्करोगात तो अपयशी ठरला, सांधे दुखायचा त्रासही झाला. पण मॅरिमास्टॅट तोंडाने घेता येतो, आणि सापाच्या विषावर तो फार थोडा काळ द्यावा लागेल. म्हणून लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तो पुन्हा हातात घेतला. त्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात मॅरिमास्टॅट आणि व्हॅरेस्प्लॅडिब ही जोडी वापरली. व्हॅरेस्प्लॅडिब विषातल्या दुसऱ्या जातीच्या एन्झाइमला अडवतं, ते पेप्टाइड जातीचं नाही. फुरसं आणि घोणस धरून काही सापांच्या विषावर या जोडीने उंदरांना वाचवलं.

आज ही गोळी दुकानात नाही. आणि आली तरी ती दवाखान्यापर्यंतचा वेळ मिळवून देणारी असेल, प्रतिविषाची जागा घेणारी नसेल. नाग आणि मण्यार यांचं विष मुख्यतः नसांवर चालतं, तिथे मॅरिमास्टॅटचा भरवसा धरता येत नाही. म्हणून मुलांना आजचंच शिकवा : चावलेली जागा कापायची नाही, आवळून बांधायची नाही, चोखायची नाही. माणसाला चालवायचं नाही, हात-पाय स्थिर ठेवायचा, १०८ ला फोन करायचा आणि थेट प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यायचं. मांत्रिकाच्या ओट्यावर गेलेला अर्धा तास कोणताही रेणू परत आणू शकत नाही.

प्रश्न : बाई, माह्या घरी गावरान कोंबड्या हायेत. सोयाबीनले भाव नाही म्हनून कच्चंच भरडून टाकून राह्यलो. खातेत तं मस्त, पन अंगी लागत नाही. सोयाबीनमंदी काही खोट हाये काय?
– एक शेतकरी, दारव्हा

उत्तर : भाऊ, सोयाबीन चांगलंच आहे, ते कच्चं आहे एवढीच अडचण. दाण्यात ट्रिप्सिन-रोधक प्रथिन असतं. मोझेस कुनिट्झ यांनी १९४५ मध्ये त्याचे स्फटिक वेगळे केले. १८१ अमिनो आम्लांचं ते प्रथिन कोंबडीच्या आतड्यातल्या ट्रिप्सिनमध्ये अडकून बसतं, मग दाण्यातलं प्रथिन पचत नाही. स्वादुपिंड जास्त ट्रिप्सिन बनवायच्या नादात सुजतं आणि वाढ खुंटते. उष्णतेने हा रोधक मोडतो. भिजवून चांगलं उकडा, किंवा कढईत सारखं हलवत आतपर्यंत भाजा, जाळू मात्र नका. मग भरडून बाकीच्या दाण्यात मिसळून द्या. मोठ्या गाई-बैलांना कच्च्याचा एवढा त्रास होत नाही, कारण त्यांच्या पोटातले जिवाणू तो रोधक मोडतात. पण ज्या जनावराला युरिया टाकलेला चारा देता त्याला कच्चं सोयाबीन देऊ नका. कच्च्या दाण्यात युरियापासून अमोनिया सोडणारं एन्झाइमही असतं, आणि तो अमोनिया जनावराच्या जिवावर बेततो.

प्रश्न : कृषी केंद्रातून पऱ्हाटीवर मारायला अमिनो आम्लाचं टॉनिक आणतो. तुमच्या लेखातली अमिनो आम्लं तीच का? तुम्ही तर ती महाग सांगता, मग ही बाटली एवढी स्वस्त कशी?
– एक शेतकरी, कळंब

उत्तर : काका, ती वेगळी. टॉनिकात बहुधा सोयाबीनच्या पेंडीसारख्या स्वस्त प्रथिनाचे तुकडे करून मिळालेली नेहमीचीच अमिनो आम्लं असतात. घडवलेलं अमिनो आम्ल एकेक पायरीने, उजवं-डावं रूप (एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा) सांभाळून तयार करावं लागतं, म्हणून ते महाग. २०२१ पासून अशी टॉनिकं खत नियंत्रण आदेशाखाली जैव-उत्तेजक म्हणून आली आहेत. घेताना बाटलीवर तसा तपशील छापलाय का ते बघा, आणि पक्कं बिल घ्या.

पण एन्झाइमला अडवणारं अमिनो आम्ल तुमच्या शेडमध्ये खरंच असू शकतं. ग्लुफोसिनेट हे तणनाशक घ्या. ते ग्लुटामिक आम्लासारखं दिसतं, फक्त बाजूसाखळीच्या टोकाला कार्बनच्या गटाऐवजी फॉस्फरसचा गट आहे. हे अमिनो आम्ल मूळचं स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंचं. त्यांनी ते दोन अ‍ॅलॅनिन जोडून पेप्टाइडच्या रूपात बनवलं, त्याला बियालाफॉस म्हणतात. तणाने ते आत घेतलं की तणाचीच एन्झाइम ते दोन अ‍ॅलॅनिन कापून टाकतात आणि विष मोकळं होतं. मग अमोनियापासून ग्लुटामिन बनवणारं एन्झाइम बंद पडतं, अमोनिया साठतो आणि झाड वाळतं. कारखान्यात बनवलेल्या नेहमीच्या ग्लुफोसिनेटमध्ये डावं आणि उजवं रूप अर्धं-अर्धं असतं. काम फक्त डावं करतं.

हे सांगण्यामागे कारण आहे. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातले. २०१७ साली तुमच्याकडे फवारणीने किती घरं उघडी पडली ते तुम्हाला मी सांगायला नको. पऱ्हाटीवरची प्रोफेनोफॉस, पूर्वी वापरलं जाणारं मोनोक्रोटोफॉस अशी ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकं हीसुद्धा एन्झाइमचे रोधकच. नसांमधलं अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेझ नावाचं एन्झाइम आहे, त्याच्या सेरीनवर ती जाऊन बसतात. वर ट्रिप्सिनचं सेरीन सांगितलं, तसंच हे. फरक असा, की औषधाच्या रेणूला कुठे जायचं आणि कुणाला सोडायचं हे ठरवणारा पेप्टाइडचा भाग असतो. या कीटकनाशकांना तसा काही नसतो. अळीचं एन्झाइम आणि फवारणाऱ्या माणसाचं एन्झाइम त्यांना सारखंच. म्हणून वाऱ्याच्या दिशेने फवारा, पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि मास्क घाला, औषधं एकात एक मिसळू नका, उन्हाच्या भरात फवारू नका. मजुराला साधनं दिल्याशिवाय पंप देऊ नका.

आणि कुणाला भोवळ, लाळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं तर कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. ऑर्गॅनोफॉस्फरस असेल तर अ‍ॅट्रोपिन लागतं, आणि सेरीनवरून विष सोडवणारं प्रॅलिडॉक्सिम, ज्याला दवाखान्यात पाम म्हणतात, ते वेळेत दिलं तर उपयोगी पडू शकतं. ग्लुफोसिनेट पोटात गेलं असेल तर तसा उतारा नाही. माणूस आधी बरा दिसतो आणि कित्येक तासांनी झटके येतात, श्वास अडकतो, म्हणून त्याला डॉक्टरांच्या नजरेखालीच ठेवावं लागतं. दोन्हीचे उपचार वेगळे आहेत. तेव्हा निघताना रिकामा का असेना, तो डबा लेबलासकट पिशवीत घालून सोबत न्या.